ठिपका वरच्या बाजूला

आई गेली त्या दिवशी शुक्रवार होता. सकाळी पावणेआठला तिने फ्रिज उघडायला हात लावला. मी बाहेरच्या खोलीत केस विंचरत होते. ताई कामावर गेली होती. बाबा ड्यूटीवरून यायचे होते. आवाज आला तो भांड्याचा होता, तिचा नव्हता. शेजारच्या कदमकाकांनी गॅलरीतला मेन स्विच ओढला तेव्हा तिचा हात सुटला. रिक्षातून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि कागदावर वेळ लिहिली.

त्या दिवसाबद्दल मला एवढंच लिहिता येतं. त्याआधीच्या आठ-नऊ महिन्यांबद्दल मात्र लिहायचं आहे. इतकी वर्षं ते लिहिलं नाही, कारण वाचून ज्यांना त्रास झाला असता ती माणसं होती. आता ती नाहीत.

आम्ही अंधेरी पूर्वेला चकाल्यात राहायचो. बैठी चाळ, पुढे गॅलरी, दोन खोल्या, आतल्या खोलीत मोरी आणि मोरीला लागून ओटा. ओट्याच्या वर भिंतीत देवांची फळी. विमानं इतकी खालून जायची की आई बोलता बोलता थांबायची आणि विमान गेल्यावर त्याच शब्दापासून पुढे सुरू करायची. पाहुण्यांना ते विचित्र वाटायचं, आम्हाला नाही. दुपारी वारा पूर्वेकडून असला की साकीनाक्याच्या गाळ्यांमधल्या प्रेस मशिनचा ठोका ऐकू यायचा, एकसारखा, कुणीतरी मसाला कुटत असल्यासारखा. घरात स्वतःचा असा आवाज स्टोव्हचा आणि आईच्या बांगड्यांचा. बाकी आम्ही चौघंही कमी बोलणारी. त्यातल्या त्यात ताईच बोलायची.

आईचं घर त्या त्या दिवसापुरतं चालायचं. सकाळी वेसाव्याची पारूमावशी टोपली घेऊन दारात यायची आणि तिच्याकडे जे असेल ते त्या दिवसाचं जेवण. बांगडे असले तर तिरफळ घालून कालवण, मांदेली असली तर कुरकुरीत तळलेली, काहीच नसलं तर सुक्या जवळ्याची चटणी. अर्धा नारळ, एक जुडी कोथिंबीर, चार मिरच्या. उद्यासाठी काही ठेवायचं ही कल्पनाच तिला नव्हती. उरलंच तर भांडं परातीतल्या पाण्यात ठेवायचं, वर ओलं फडकं. सकाळी ती झाकण काढून नाक जवळ न्यायची, क्षणभर डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. त्या नाकावर आमचा सगळ्यांचा विश्वास होता. घरात आजारी कुणी पडलं नाही, म्हणजे नाक बरोबरच असणार.

ताईचा विश्वास वेगळ्या गोष्टींवर होता. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मरोळच्या पुढे एका कारखान्यात परदेशी पाठवायचे रेडिओ जोडायचे, तिथे ती तपासणीला होती. पट्ट्यावरून पीस यायचा, ती तो भिंगाच्या दिव्याखाली धरायची, दोन तारा लावून काटा बघायची आणि मागे बोटाच्या नखाएवढं गोल हिरवं स्टिकर चिकटवायची. स्टिकरवर तिचा नंबर असायचा. पीस तिकडे बिघडला तर त्या नंबरावरून तिच्यापर्यंत परत येणार. घरीही ती तशीच वागायची. भाकरी हातात घेऊन उलटीसुलटी करायची. "ओके," म्हणायची, नाहीतर, "कडेला क्रॅक. रिजेक्ट."

"रिजेक्ट तर ठेव खाली," आई म्हणायची. "तुझा घोव दिसतलो तेवा बघूया किती रिजेक्ट करतंस ता."

बाबांचा कशावरच विश्वास नव्हता. गिरणी सुटल्यावर ते साकीनाक्याला एका गाळ्यात रखवालदार म्हणून लागले होते. तिथे मिक्सरची भांडी बनायची. एकच भांडं, एकच साचा, आणि तीन वेगळ्या नावांच्या खोक्यांत भरून जायचं. "डबा एक, नावं तीन, भाव तीन," ते म्हणायचे. "लोक नावाला पैसे देतात. भांड्याला काय ठाऊक आपलं नाव काय ते?"

"नाव असलं की तक्रार करायला जागा असते बाबा," ताई म्हणायची. "बिननावाच्या वस्तूचं भांडण कुणाशी करणार?"

हे ताईचं वाक्य मला फार पटायचं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, सायन्सला, आणि छापलेलं काहीही वाचायची. साबणाच्या वेष्टनावरचा मजकूर, औषधाच्या बाटलीतली घडी, कदमकाकांच्या टीव्हीच्या खोक्यावरच्या सूचना. छापलं आहे म्हणजे कुणीतरी विचार केला आहे, कुणीतरी जबाबदार आहे, असं मला वाटायचं. कदमकाकांच्या घरी आम्ही टीव्ही बघायला जायचो तेव्हा जाहिरातींच्या वेळी बाकीचे बोलायला लागायचे, मी आणि ताई गप्प होऊन बघायचो. जाहिरातीतल्या बाईच्या स्वयंपाकघरात दरवाजाएवढा फ्रिज असायचा, ती तो एका बोटाने उघडायची आणि आतला उजेड तिच्या चेहऱ्यावर पडायचा. तो उजेड मला हवा होता. आज हे लिहायला लाज वाटते, पण थंड पाण्यापेक्षा मला तो उजेड हवा होता.

ताईने दोन वर्षं बोनस साठवला आणि पाडव्याला फ्रिज आणला. अंधेरी पश्चिमेच्या शोरूममध्ये आम्ही तिघी गेलो. विक्रेत्याने प्रत्येक फ्रिजचं दार उघडून दाखवलं. ताईने दाराच्या रबरात कागद धरून ओढून बघितला. मागे जाऊन नंबराची पट्टी वाचली, शिक्का बघितला. विक्रेता हसला. "मॅडम इंजिनियर आहेत वाटतं?" ताई म्हणाली, "इन्स्पेक्शनला आहे." मला तिचा इतका अभिमान वाटला होता की आजही ती शोरूमच्या फरशीवर वाकून शिक्का बघतानाच मला आधी आठवते. आई मात्र कोपऱ्यात उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "माका नको ती पेटी. शिळा खावक इतको खर्च?"

फ्रिज दुसऱ्या दिवशी आला. ताई कामावर होती. हमालांनी तो ओट्याच्या बाजूला, देवांच्या फळीखाली ठेवला, कारण दुसरी जागाच नव्हती. जाताना एकजण म्हणाला, "प्लग बसत नाय तुमच्या बोर्डात. वायरमन बोलवा." आमच्या चाळीतले सगळे बोर्ड लाकडी, दोन भोकांचे. फ्रिजचा प्लग जाडजूड, तीन पिनांचा. मी पुस्तिका उघडली. इंग्रजी मलाच येत होतं, म्हणून मी मोठ्याने वाचून मराठीत सांगायला लागले. आई, कदमकाका, कदमकाकू आणि गॅलरीतली आणखी चार माणसं कीर्तनाला बसावं तशी ऐकत होती. गरम पदार्थ आत ठेवू नयेत. भिंतीपासून वीतभर लांब ठेवावा. तिसऱ्या पानावर चौकटीत, जाड अक्षरात एक वाक्य होतं. "याला अर्थिंग असलंच पाहिजे म्हणतात," मी सांगितलं.

"म्हणजे काय ता?" आईने विचारलं.

"तिसरी पिन. ती जमिनीला जोडलेली असते. आत काही बिघडलं तर करंट जमिनीत जातो."

"कंपनीवाले लिहायचं म्हणून लिहितात," कदमकाका म्हणाले. "उद्या काय झालं तर आमच्या गळ्यात नको, म्हणून. इथे कुणाकडे तिसरी पिन आहे सांग? माझा टीव्ही दोन वर्षं चाललाय ना?" ते घरून दोन पिनांचा प्लग आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. मी वायर धरली. त्यांनी जुना प्लग कापला, लाल आणि काळी वायर नव्या प्लगात बसवली. हिरवी उरली.

"आणि ही?" मी विचारलं.

"ही एक्स्ट्रा असते." त्यांनी हिरवी वायर दुमडली आणि काळ्या चिकटपट्टीत गुंडाळून टाकली. फ्रिज घरघरला, थरथरला आणि सुरू झाला. आईने दाराला हळदकुंकू लावलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी ताई आली, तिने दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. तो उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला तेव्हा ती जाहिरातीतल्या बाईपेक्षा छान दिसली.

फ्रिजने आम्हाला बदललं. आधी आईला. महिनाभर ती त्यात फक्त पाण्याच्या बाटल्या ठेवायची. मग दूध, मग वाटण. मग एका रविवारी ताईने बाजारातून आठवड्याचे मासे आणले, साफ करून डब्यांत भरून वर ठेवले. सोमवारी पारूमावशी आली तर आई रिकाम्या हातांनी दारात उभी.

"काय गो बाय, आज नको?"

"आज आसा गे घरात."

पारूमावशीने मान वाकडी करून आत बघितलं. "हां. बर्फाची पेटी आयली. म्हणजे आता मी कशाला?" ती हसली, टोपली डोक्यावर घेतली. "मेलेला मासा किती दिवस ठेवशील तरी तो ताजा नाय होत, बाय." आणखी दोन-चारदा ती आली, मग आमच्या दाराशी थांबणं तिने सोडलं. आई दुसऱ्या दारावरचा तिचा आवाज ऐकायची आणि हातातलं काम करत राहायची. तिचं नाक वापरणंही हळूहळू बंद झालं. झाकण काढायची नाही, वास घ्यायची नाही. "फ्रिजात होतां," म्हणायची, म्हणजे चांगलंच. चार महिन्यांत आम्ही सगळी दार उघडायच्या आधी विचार करेनासे झालो. तहान लागली की हात तिकडे. पाहुणा आला की हात तिकडे. चाळीतल्या बायका बर्फ न्यायला यायच्या, कुणाचं भिजवलेलं पीठ, कुणाच्या बाळाचं औषध आमच्या फ्रिजात असायचं. आईला त्याचा अभिमान वाटायला लागला होता. उन्हाळ्यात ती पातेलंभर सोलकढी करून आत ठेवायची आणि गॅलरीत हाक मारायची, "थंडगार आसा गो, येवा!" तिला इतकं मोठ्याने बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

झिणझिण्या पावसाळ्यात सुरू झाल्या. ओल्या हाताने दार धरलं की मनगटापर्यंत मुंग्या यायच्या. पहिल्यांदा आई दचकली, मग हसली. "गुदगुल्यो करता." कदमकाकू म्हणाल्या, रबरी चप्पल घाला. आईने ते साफ नाकारलं. "देवाच्या फळयेखाली चपला घालू? तुमका येड लागलाहा काय?" आमच्याकडे आतल्या खोलीत चपला कधीच आल्या नाहीत. मग फ्रिजपुढे लाकडी पाट टाकला. जेवायला बसायचा जुना पाट, गावाहून आणलेला, फणसाच्या लाकडाचा. पाटावर उभं राहून दार उघडलं की काही व्हायचं नाही. कदमकाकांनी आणखी एक युक्ती सांगितली. प्लग उलटा करून लावा. खरंच, उलटा लावला की झिणझिण्या कमी. म्हणून मी ताईच्या नखांच्या रंगाने प्लगच्या एका बाजूला लाल ठिपका काढला. "आई, ठिपका वरच्या बाजूला. लक्षात ठेव." तिने ते देवाच्या दिव्यासारखं पाळलं. फरशी धुताना प्लग काढला की परत लावताना ठिपका वर. घरात येणाऱ्याजाणाऱ्याला आम्ही सहज सांगायचो, पाटावर उभे राहा हं. तेही सहज उभे राहायचे. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मी सायन्सला होते, आणि मलाही वाटलं नाही. पूर्ण खरं सांगायचं तर वाटायचं, पण पाट होता ना.

दसऱ्याच्या सुमारास कंपनीचा माणूस आला. सहा महिन्यांनी एक तपासणी फुकट, असं कार्डावर लिहिलं होतं, आणि तो खरंच आला. निळा शर्ट, खिशावर कंपनीचं नाव, खांद्याला पिशवी. आई नळावर होती, पाण्याची वेळ होती. घरात मी एकटी. त्याने टेस्टर दाराला लावला, टेस्टरमधला दिवा लागला. तो वाकून प्लग बघायला लागला.

"हा ठिपका कुणी काढला?"

"मी."

"झकास. डिझाइन पण केलं." तो उठला. "तीन पिनवाला कुठे गेला?"

"इथे बसत नव्हता."

"मग कापून टाकला. सगळे कापतात." त्याने पाटाकडे बघितलं. "आणि हे पण सगळीकडे असतं. बघा, आतमध्ये थोडं करंटचं लीकेज आहे. आत्ता थोडं आहे. कधी वाढेल सांगता येत नाही. अर्थिंग करून घ्या. बाहेर खड्डा मारायचा, कोळसा-मीठ टाकायचं, तांब्याची वायर आत आणायची. घरमालकाला विचारावं लागेल. तोवर बंद ठेवा."

"बंद?"

"बंद. चालवायचाच असला तर रबरी चप्पल घालून. पण ते मी बोललो नाही. फॉर्मवर मी बंद ठेवा असंच लिहिणार." त्याने जाड कागदांचं पॅड काढलं, मध्ये कार्बन, आणि भराभर लिहिलं. "घरात मोठं कोण आहे?"

"आई नळावर आहे. पण इंग्रजी मलाच येतं."

"मग वाचा आणि सही करा."

मी वाचलं. अर्थिंग नाही. ग्राहकाला धोक्याची कल्पना दिली. वापर बंद ठेवण्यास सांगितले. खाली रेघ होती आणि रेघेखाली ग्राहकाची सही असं छापलेलं होतं. मी सही केली. पूर्ण नाव, वळणदार, बोर्डाच्या पेपरावर करते तशी. त्याने गुलाबी प्रत फाडून मला दिली. तो गॅलरीच्या टोकाला पोचला तेव्हा आई कळशी घेऊन आत आली.

"काय म्हणालो तो?"

येत्या रविवारी ताईला बघायला मुलाकडची माणसं मुलुंडहून यायची होती. आईने आठवडाभर आधीपासून ठरवलं होतं, पाकिटातली आइस्क्रीमची पावडर आणून घरी आइस्क्रीम लावायचं. तिने ते आयुष्यात कधी केलं नव्हतं. ती पावडर ओट्यावर होती. ताईला मी हे सांगितलं असतं तर तिने कामाचे कपडे बदलायच्या आधी प्लग काढून ठेवला असता, मला पक्कं माहीत होतं. लीकेज म्हणजे तिच्या लेखी रिजेक्ट, त्यात चर्चा नाही. मी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हटलं, "सगळं ठीक आहे म्हणाला." मनात म्हटलं, रविवार होऊन जाऊ दे.

रविवारी मुलाची आई चहा व्हायच्या आधीच आतल्या खोलीत आली. "अगंबाई, हा कुठल्या कंपनीचा?" म्हणत तिने हात पुढे केला. आई चपळाईने म्हणाली, "पाटावर उभ्या रवा हां, गारठा लागता." आमच्या आईने गारठा म्हटलं. मी ते ऐकलं. आइस्क्रीममध्ये बर्फाचे कण राहिले होते, पण सगळ्यांनी दोनदा घेतलं. लग्न ठरलं. त्यानंतर दिवाळी आली. त्यानंतर ताईची साड्यांची खरेदी. रोज मला वाटायचं आज सांगू, आणि रोज ते सांगणं आणखी कठीण होत गेलं, कारण आता फ्रिजबद्दल सांगण्याआधी इतके दिवस का नाही सांगितलंस ते सांगावं लागलं असतं. गुलाबी प्रत मी पुस्तिकेत, तिसऱ्या पानावर ठेवली होती.

शुक्रवारी आई पूर्ण आतली खोली धुवायची. फरशी ओली होती. पाट तिने धुऊन भिंतीला उभा करून वाळत ठेवला होता. प्लग तिने परत लावला होता. पोलिसांबरोबर आलेल्या वायरमनने तो काढला तेव्हा मी बघितलं. ठिपका वरच्या बाजूला होता.

बारावं झाल्यावर ताई म्हणाली, कंपनीत जायचं. मुळातच माल खराब असणार, तिने शिक्का बघून घेतला होता, नंबराची पट्टी वाचली होती, नाव असलेली वस्तू घेतली होती ती याचसाठी. तिच्या डोळ्यांत त्या दिवसांत पाणी नव्हतं, राग होता, आणि त्या रागावर ती उभी होती. मी म्हटलं, मी येत नाही. ती म्हणाली, "यायचंस. पुस्तिका घेऊन यायचंस."

सर्व्हिस सेंटर एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. बाबाही बरोबर आले होते. आम्हा तिघांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. टेबलामागचा माणूस सभ्य होता. वाईट वाटलं म्हणाला आणि मला वाटतं त्याला खरंच वाटलं होतं. ताईने सगळं नीट सांगितलं, तारीख, नंबर, पावती. त्याने ऐकून घेतलं, कपाटातून फाइल काढली, पानं उलटली आणि एक कागद तिच्यापुढे ठेवला. पांढरी प्रत. माझ्या मांडीवरच्या पुस्तिकेत गुलाबी होती.

ताईने वाचलं. ती कुठलाही कागद वाचायची तसंच, वरून खाली, थांबत थांबत. खाली आल्यावर तिची नजर थांबली. माझ्या अक्षरातलं माझं नाव. बाहेर रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं, तो सगळा संवाद मला आजही पाठ आहे. बाबा पुढे वाकले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

"काय लिहिलंय गं?"

ताईने कागद पालथा केला. टेबलामागचा माणूस काही बोलणार होता, तिने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो बोलला नाही.

"काही नाही बाबा," ती म्हणाली. "मशिन तपासलं तेव्हा ठीक होतं असं लिहिलंय. त्यांची चूक नाही."

"मग कुणाची?"

"कुणाचीच नाही. चला."

जिन्यात बाबा पुढे होते. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. ताई मला म्हणाली, "वाचलं होतंस?" मी हो म्हटलं. "समजलं होतं?" मी हो म्हटलं. ती आणखी दोन पायऱ्या उतरली. "बाबांना कळता कामा नये. कधीच." त्यांच्या हयातीत आमच्या दोघींमधलं याबद्दलचं बोलणं एवढंच. बाबा अकरा वर्षं जगले. शेवटपर्यंत ते सांगायचे, कंपनीवाले भले होते, पाणी दिलं, खुर्ची दिली. नावावर विश्वास न ठेवणारा माणूस. ते ऐकताना मी आणि ताई एकमेकींकडे बघायचो नाही.

वर्षाच्या आत लग्न करायचं म्हणून ताईचं लग्न लगेच झालं, देवळात, पन्नासेक माणसांत. ती मुलुंडला गेली. सासरी फ्रिज होता. तिने पहिल्या आठवड्यात सासऱ्यांना सांगून घराला अर्थिंग करून घेतलं. नवी सून आल्या आल्या अंगणात खड्डा खणायला लावते म्हणून सासूबाई वर्षभर बोलत होत्या. कदमकाका आमच्या दारावरून जाताना खाली बघून जायचे, मग ते जागा सोडून डोंबिवलीकडे गेले. फ्रिज कुणी नेला मला माहीत नाही. मी कॉलेजहून आले तेव्हा फळीखालची जागा रिकामी होती आणि फरशीवर चार पायांचे गंजाचे डाग होते. मी पुढे सायन्स सोडलं, एका शाळेत ग्रंथपाल झाले, लग्न केलं नाही. आमच्यावर पुन्हा चांगले दिवस आले, असं लोक म्हणतात तसे आलेही. मुलं झाली ताईला, मावशी म्हणून मी त्यांची आवडती. पण ताईने माझ्यापुढे कधी काही रिजेक्ट म्हटलं नाही. तो शब्दच तिने टाकून दिला.

चकाल्याच्या घरात गीझर आला तेव्हापासून ती रोज सकाळी नऊला फोन करायची. आधी शेजारच्या दुकानात, मग घरी फोन आला त्यावर, मग मोबाइलवर. काय खाल्लंस, गुडघा कसा आहे, आणि ठेवताना, "गीझर बंद केलास ना?" तीसेक वर्षं. मला कधी कधी राग यायचा. हा प्रश्न ती मला प्रेमाने विचारते की रोज एकदा आठवण करून देते, ते मला ठरवता यायचं नाही. विचारायचं धाडस नव्हतं.

गेल्या वर्षी ती मुलुंडच्या हॉस्पिटलमध्ये होती. शेवटच्या दिवसांत ती थोडं बोलायची आणि बराच वेळ डोळे मिटून पडायची. मी पुस्तक वाचत बाजूला बसलेली असायची. एका दुपारी ती डोळे न उघडता म्हणाली, "शैले."

"काय गं?"

"प्लग मी पण बघितला होता."

मी पुस्तक मिटलं.

"पहिल्याच दिवशी. संध्याकाळी आले ना कामावरून, तेव्हा. दोन पिना. हिरवी वायर गुंडाळलेली. मला तर कळत होतं. दिवसभर तेच करायचे मी." तिने श्वास घेतला. "लाइट लागला होता आत. तुम्ही सगळ्या इतक्या खूश होतात. म्हटलं, रविवारी वायरमन बोलवू."

मी तिचा हात धरला. थोड्या वेळाने नर्स आली आणि तिने मला बाहेर थांबायला सांगितलं. त्यानंतर ताई जगली सहा दिवस, पण तो विषय निघाला नाही, आणि मी काढला नाही.

चकाल्याची चाळ पाडून इमारत झाली, तिच्या चौथ्या मजल्यावर मी राहते. घरात सगळे बोर्ड तीन भोकांचे आहेत. पाट माळ्यावर आहे. पुस्तिका कपाटात आहे, गुलाबी प्रत तिसऱ्या पानावर, अक्षर आता वाचता येत नाही. सकाळी नऊला फोन वाजत नाही. गीझर मी बंद करते.